उजवं वळण, कन्नडचा घाट आणि आईचा पाय

नाही, थांबा. आधी ते वाक्य परत घ्या. ‘वळणावर बायकांचा पाय आपोआप उचलला जातो’ हे. आमच्या अडखळणाऱ्या गाडीवरच्या मागच्या पोस्टखाली तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हेच लिहिलंय. कुणी हसरा चेहरा टाकून, कुणी हात जोडून, कुणी ‘ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण’ अशी सुरुवात करून. मी वाईट वाटून घेतलं. आईनं तर सगळ्या कमेंटा मोठ्यानं वाचल्या, चष्मा कपाळावर चढवून, वर्गात पोरांचे निबंध वाचते तशा. मग म्हणाली, ‘बघ, लोक पण तेच म्हणतेत.’ आणि गाडीची चावी उचलून फडताळातल्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात टाकली. झाकण लावल्याचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू आला.

तर हे त्याचं उत्तर. भांडण म्हणून वाचा, नाहीतर कन्नडच्या घाटाचं प्रवासवर्णन म्हणून वाचा. रस्ते, खाणं, खर्च सगळं मधेमधे येईलच.

जे आत्ताच आलेत त्यांच्यासाठी: आई झेडपीच्या शाळेत मास्तरीण आहे. शाळा कन्नडच्या थोडी अलीकडं, हायवेवरून उजव्या हाताला आत. आम्ही राहतो संभाजीनगरला, हडकोत. आई रोज अप-डाउन करते, आमच्याकडं निम्मे मास्तर करतात तसं. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी शिकली, कारण पप्पांना गाडी लागते. ते मागच्या सीटवर नुसते बसले तरी पडेगाव यायच्या आत पिशवी मागतात, त्यांच्याकडनं चालवायची काय अपेक्षा करणार? ही जुनी, छोटी पेट्रोलची गाडी मामानं शोधून दिली. मामा फुलंब्रीचा, आईचा धाकटा भाऊ, शेती सांभाळून प्लॉटिंग करतो. गाडी आणल्या दिवशी पूजा पण त्यानंच केली. आजोळच्या मारुतीचा नारळ लाल कापडात गुंडाळून बॉनेटच्या आत बांधला आणि म्हणाला, ‘आता ह्या गाडीला काय होत नाय, अक्का.’

व्हायला लागलं ते पावसाळा सरल्यावर. सरळ रस्त्यावर गाडी एकदम गुणी. पण शाळेच्या फाट्यावर, समोरनं येणाऱ्या गाड्यांमधली मोकळी जागा बघून आईनं उजवीकडं स्टिअरिंग फिरवलं आणि अ‍ॅक्सिलेटर दाबला, की गाडी श्वास धरायची. एक क्षण काहीच नाही. मग झटका, मग पुढं. तो एक क्षण केवढा असतो ते हायवेवर आडवं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एकदा एसटीनं कचकन ब्रेक मारला. ड्रायव्हर खिडकीतनं ओरडला, ‘ओ मॅडम, घरी सांगून आलात का?’ आई शाळेत पोचली, हजेरी घेतली, फळ्यावर सुविचार लिहायला गेली आणि कालचाच परत लिहिला. हे तिनं मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, भांडी घासताना, पाठ करून.

आमच्या गल्लीमागच्या शेखभाईंनी दोनदा गाडी बघितली. प्लग बदलले, फिल्टर साफ केला, स्कॅनर लावला, स्वतः जालना रोडवर चक्कर मारून आले. ‘मॅडम, इंजन का मिसिंग कहाँ है? मेरे कू तो मिला नै. गाडी मक्खन है.’ दोन्ही वेळा बॉनेट उघडलं की आई मागून म्हणायची, ‘नारळाला धक्का लावू नका हां, देवाचा आहे.’ आणि शेखभाई म्हणायचे, ‘नै नै, उसको कौन हात लगाता.’

मग मामानं एकदा स्वतः चालवून बघितली, शहरातल्या शहरात, आणि निकाल दिला. ‘अक्का, गाडीत काय नाय. वळणावर तुझा पाय उचलतोय. वय झालं आता, कशाला जिवावर उदार व्हायचं? गाडी फुलंब्रीला राहू दे, पोरं वापरतील. रविवारी संध्याकाळी घेऊन जातो.’ वाईट बोलला नाही तो, काळजीनंच बोलला. त्यामुळं तर त्याच्याशी भांडता पण येईना. आई कन्नडला खोली बघायला लागली, आठवडाभर तिथं राहायचं आणि शनिवारी घरी यायचं म्हणून. एका रात्री ती पप्पांना विचारत होती की व्हीआरएस घेतली तर कसं. आणि मला माहितीय, आईला ती शाळा केवढी लागते. सुट्टीच्या दिवशी पण ती भाजी निवडताना पोरांची नावं पुटपुटते.

मला गाडीतलं काय कळतं? काहीच नाही. मी गोष्टी लिहिते, त्या पण अशा की सुरुवात कुठंय ते मलाच नंतर सापडतं. पण उजवं-डावं कळतं. आईला सकाळी जाताना त्रास व्हायचा, संध्याकाळी येताना नाही. जाताना ती उजवीकडं वळते. येताना हायवेला लागायला डावीकडं. घाबरणारा माणूस दोन्हीकडं घाबरेल ना? मामाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘सकाळी शाळेत जायचं जिवावर येत असंल तिच्या.’

म्हणून ठरवलं. रविवारी मामा यायच्या आत गाडीला अशा जागी न्यायचं जिथं भरपूर वळणं आहेत, दोन्हीकडची, आणि चढ आहे. असली जागा आमच्याकडं एकच, कन्नडचा घाट.

हडको ते खुलताबाद

सकाळी लवकर निघालो. पप्पांनी दारातनं हात केला, त्यांनी आम्हाला गाडीत बसताना बघितलं तरी त्यांचा चेहरा पडतो. चालवत मी होते. आईनं डब्यातनं चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि स्वतः डावीकडं जाऊन बसली, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. एसटीत बसते तशी.

तुम्ही जाणार असाल तर दोन रस्ते आहेत. नवा हायवे रुंद आहे, पटकन पोचवतो, टोल लागतो. आम्ही जुना घेतला, दौलताबादवरनं, कारण आम्हाला वळणं हवी होती. मिटमिट्याच्या पुढं कडेला पेरू आणि सीताफळाच्या पाट्या लागतात. सीताफळं घ्या, पण डोळे मोठे झालेलीच घ्या, आणि सांगितलेला भाव पहिल्यांदा देऊ नका. किल्ल्यापुढं जुन्या वेशीतनं रस्ता जातो, तिथनं एका वेळी एकच गाडी निघते. समोरच्यानं लाइट दिला की थांबायचं, ही तिथली रीत. घाई करणारा अडकतो आणि मग दोन्ही बाजूंनी सगळे त्याला सल्ले देतात.

वेशीनंतर खुलताबादचा चढ. मी तयारीत होते. पण पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावून, आणि त्याच्यावर गाणी लावलेली. अख्खा घाट आम्ही त्या उसामागं रांगत चढलो. अ‍ॅक्सिलेटर दाबायची वेळच आली नाही. वर पोचल्यावर आई म्हणाली, ‘बघ. तू चालवली की चालते.’

‘अगं, दाबलंच कुठं मी?’

‘असू दे. चालते तर चालू दे.’

खिडकीबाहेर बघत म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं.

फाटा

वेरूळला थांबलो नाही. शिव्या द्या, पण रविवारी तिथं लेण्यांपेक्षा पार्किंगलाच जास्त गर्दी असते. पुढं हायवेला लागल्यावर चहा घेतला. चहा ठीक होता, भजे सुंदर होते. गरम घाण्यातले मागून घ्या, ताटात आधीच काढून ठेवलेले नकोत.

शाळेचा फाटा आला. मी उजवा इंडिकेटर दिला, म्हटलं करून बघू. आई एकदम म्हणाली, ‘नको. इथं नको.’ मी इंडिकेटर बंद केला. शाळेची पाटी मागं जाईपर्यंत ती मान वळवून बघत होती.

कन्नडला पोचेपर्यंत गाडी चांगली तापली होती. तेव्हाच मला वास आला. एसीच्या जाळीतनं खोबरेल तेलाचा, जड, गोडसर. म्हटलं, ‘आई, किती चोपडलंस तेल?’

‘मी? आज डोकं धुतलंय मी.’

मग तो विषय तिथंच राहिला. कन्नडचा बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळं गावातनं लवकर सुटलो. बाजार असेल तर बाहेरूनच जा, काळीपिवळी जीपवाले वाटेल तिथं थांबतात.

घाट उतरताना

आम्ही गेलो तेव्हा मोठ्या ट्रकांना घाटात बंदी होती, म्हणून रस्ता बराच मोकळा होता. तरी जीप आणि पिकअपवाले आपल्याच अंगणात असल्यासारखे येतात. पावसाळा संपून दीडेक महिना झाला होता, तरी डोंगर अजून हिरवट, गवत वरनं पिवळं पडायला लागलेलं. वरच्या वळणावरनं खाली खानदेश दिसतो, एकदम सपाट, चादर अंथरून कुणी बसायचं विसरून गेल्यासारखा. माकडं कठड्यावर. त्यांना काही देऊ नका, नाहीतर काचेवर बसतात.

उतरताना काहीच झालं नाही. होणार कसं? उतारावर दुसरा गिअर आणि ब्रेक, अ‍ॅक्सिलेटरला कुणी विचारत नाही. डावी वळणं झाली, उजवी झाली. आई म्हणाली, ‘किती गुमान चालली गं.’ तिला हायसं वाटत नव्हतं. जितकी गाडी नीट चालत होती तितकी आई सीटमध्ये खाली सरकत होती.

पायथ्याला एका पत्र्याच्या हॉटेलात जेवलो. शेवभाजी, वांग्याचं भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. दोघींचं पोटभर झालं आणि वर ताक, तरी शहरातल्या एका पिझ्झ्याएवढे पैसे लागले नाहीत. भाजी तिखट आहे, आधी सांगून ठेवते. हॉटेलवाल्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘मायलेकी फिरायला निघाल्या का?’

आई म्हणाली, ‘नाय हो. गाडीला फिरवायला आणलंय.’

‘काय झालं तिला?’

‘तिला काय नाय झालं. मलाच झालंय म्हणतेत.’

मावशींनी एक भाकरी जास्तीची वाढली.

हात धुताना मी म्हटलं, ‘वर जाताना तू चालव.’ ती म्हणाली, ‘नको.’ म्हटलं, ‘मग आधी मी. पण तू एक काम कर. उजवं वळण आलं की मोठ्यानं उजवं म्हण, डावं आलं की डावं.’

‘पोरांना शिकवल्यासारखं?’

‘व्हय, तसंच.’

घाट चढताना

‘डावं,’ आई म्हणाली. मी दाबला. गाडी गेली. ‘डावं.’ गेली. मग थोडा सरळ चढ, तिथं पण गेली. आईचा आवाज सपाट होत चालला होता.

‘उजवं.’

मी दुसऱ्या गिअरमध्ये वळणात शिरले, स्टिअरिंग फिरवलं, अ‍ॅक्सिलेटर दाबला आणि

काहीच नाही.

गाडी होती, मी होते, माझा पाय तळाला टेकलेला होता. इंजिनचं मात्र लक्षच नव्हतं. मग झटका बसला, मान मागं गेली आणि गाडी चालायला लागली.

‘आई! झालं! माझ्याकडनं झालं!’

‘पाय कुठं होता तुझा?’

‘खाली! पार खाली!’

‘खरं सांग नंदे.’

‘आईशप्पथ!’

‘माझी शपथ घेऊन मलाच सांगतीस?’ आणि ती हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना. मागं जीपवाला हॉर्नवर बसला होता. त्यानं शेजारी येऊन काच खाली केली. ‘ओ ताई, हाणा की गाडी!’

आईनं पण काच खाली केली आणि एवढ्या आनंदानं सांगितलं, ‘बिघडलीय हो! गाडी बिघडलीय!’ तो बिचारा बघतच राहिला. त्याच्या घाटात इतकं खूष होऊन हे वाक्य कुणी म्हटलं नसणार.

पुढचं डावं, ठीक. पुढचं उजवं, पुन्हा तेच. श्वास, झटका. आई आता मॅच बघितल्यासारखी ओरडत होती. ‘उजवं! हां! केलं बघ! केलं!’ आणि तेवढ्यात ती थांबली, नाक वर केलं. वास परत आला होता, मघापेक्षा जास्त.

‘हे तेल नाय,’ आई म्हणाली. ‘खवट खोबरं आहे. दिवाळीच्या करंजीत असलं खोबरं पडलं तर अख्खा घाणा फेकावा लागतो. कुठनं येतंय?’

‘जाळीतनं.’

‘जाळीत कुठनं येणार?’

वर जिथं लोक खाली बघायला थांबतात, तिथं रस्ता रुंद आहे. गाडी तिथंच लावा, वळणावर कधीही थांबवू नका. बॉनेट उघडून ठेवलं आणि इंजिन गार होईपर्यंत मक्याची कणसं खाल्ली. तापलेल्या इंजिनात हात घालायचा नाही, एवढं तर मला पण माहितीय.

मग दोघी वाकलो. मी हात पुढं केला आणि आई सवयीनं म्हणाली, ‘नारळाला धक्का ला…’

आणि स्वतःच आणखी खाली वाकली.

आम्ही दोघी नारळाकडं बघत होतो. दोन वर्षं बघत होतो, खरं तर. लाल कापड आता लाल नव्हतंच, तेल पिऊन काळं-तपकिरी झालेलं. एअर फिल्टरकडनं इंजिनात जाणारा जो जाड रबरी पाइप असतो, त्यालाच मामानं गाठ मारली होती, कारण गाठ मारायला तेवढीच सोयीची गोष्ट तिथं. नारळ त्याला लटकत होता.

आईनं चपला काढल्या. त्या तापलेल्या डांबरावर अनवाणी उभी राहिली, हात जोडले, म्हणाली, ‘मारुतीराया, मास्तरीण आहे मी, समजून घे.’ आणि गाठ सोडली. दोन वर्षांची गाठ, घामाघूम झाली, पण कात्री लावू दिली नाही. नारळ हातात आला. इंजिनच्या गरमीनं उभा तडकला होता, आतलं खोबरं तेल सोडत होतं. ते तेल कापडातनं पाइपावर पाझरून रबर फुगलं होतं, मऊ पडलं होतं. आणि जिथं कापड चिकटून होतं तिथं, बरोबर त्याच्याखाली, आडवी चीर.

आईनं पाइप एका बाजूला वाकवला. चीर उघडली. सोडला, मिटली. परत वाकवला. ‘आ कर म्हटल्यावर पहिलीतली पोरं करतात बघ,’ ती म्हणाली, ‘तसं करतंय.’

तर तुमच्यासाठी सांगते, ज्यांची गाडी पण फक्त वळणावर अडखळते त्यांच्यासाठी. गाडी उजवीकडं वळली की लटकलेला नारळ डावीकडं झुकायचा आणि पाइप ओढायचा. अ‍ॅक्सिलेटर दाबला की इंजिन स्वतः पण जरासं कलतं. दोन्ही एकदम झालं की चीर उघडायची, फिल्टरला बगल देऊन नको ती हवा आत शिरायची, पेट्रोलचं गणित चुकायचं आणि गाडी श्वास धरायची. सरळ रस्त्यावर चीर बंद. डावीकडं बंद. इंजिन गार असताना रबर ताठ, तेव्हा पण बंद. म्हणून शेखभाईंना जालना रोडवर सापडलं नाही, मामाला शहरात सापडलं नाही. आणि बॉनेट उघडल्यावर सापडलं असतं, तर तिथं नारळ होता आणि नारळामागं आई उभी होती. तुमच्या गाडीत नारळ नसेल. कुठलं इंजिन माउंटिंग ढिलं असेल, एखादी वायर ताणली जात असेल, टाकीत पेट्रोल कमी असताना वळणावर ते एका बाजूला जात असेल. पण आधी कोणत्या बाजूला होतं ते बघा. गाडी गरम करून बघा. आणि मग चालवणाऱ्याच्या पायाकडं बोट दाखवा.

आईच्या पर्समध्ये वह्यांना कव्हर घालायची खाकी टेप होती. असतेच. पाइप पुसून कोरडा केला, टेपचे वेढ्यावर वेढे घातले. घरापर्यंत पुरतील एवढे.

‘हे पाप तर नाही ना लागणार?’ मी चिडवायला विचारलं.

‘कसलं पाप? नारळ खराब निघाला म्हणजे देवाला पोचला,’ आई म्हणाली. ‘लोक देवळात फोडून बघतात. आपला गाडीतच पोचला.’ मग माझ्यापुढं हात केला. ‘आण चावी.’

आई

ती घाट परत उतरली आणि परत चढली. मी शेजारी बसले होते आणि समोर बघत नव्हते, तिच्या पायाकडं बघत होते. अनवाणी होती, चपला वरच राहिल्या होत्या हे पायथ्याला पोचेपर्यंत दोघींच्या लक्षात आलं नाही. चढताना मी ‘उजवं’ म्हटलं की तो पाय खाली जायचा. बोटं पसरलेली, टाचेला रस्त्याची धूळ लागलेली, एकदा पण उचलला नाही. गाडी जात होती. तिसऱ्या उजव्या वळणानंतर मी म्हणायचं सोडून दिलं, आणि ती गुणगुणायला लागली, प्रार्थनेची चाल, शब्द नाहीत. वर पोचलो तर चपला जागेवर, शेजारी एक माकड बसलेलं, राखण करत असल्यासारखं.

परत येताना कन्नड मागं टाकलं. फाटा आता डाव्या हाताला होता, सोपा. आई पुढं निघून गेली. म्हटलं, थकली असेल. तर पुढच्या कटवर, डिव्हायडर तुटतो तिथं, तिनं गाडी वळवून घेतली, कन्नडच्या दिशेनं परत आली आणि उजवा इंडिकेटर दिला.

समोरनं गाड्या येत होत्या. एक पिकअप गेला, एक एसटी गेली, एक ट्रॅक्टर येत होता, तिनं त्याला जाऊ दिलं. मग मोकळी जागा दिसली. स्टिअरिंग फिरलं, पाय खाली गेला आणि गाडी, कसलाही आव न आणता, रस्ता ओलांडून शाळेच्या वाटेला लागली.

शाळेला कुलूप होतं. आईनं गेटसमोर गाडी बंद केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि लांब श्वास सोडला. ‘उद्या गणिताची चाचणी आहे,’ म्हणाली. ‘पेपर काढायचाय.’

घरी

मामा आधीच येऊन बसला होता, पप्पांबरोबर चहा पीत. त्याला जायची घाई होती. ‘अक्का, चावी?’

‘डब्यात बघ,’ आई आतून म्हणाली.

मामानं फडताळातला डबा काढला, झाकण उघडलं आणि मान मागं घेतली. ‘हे काय गं? कसला घाण वास येतोय!’

‘तुझा नारळ. ह्याच्यामुळं गाडी अडत होती. तू बांधला, तूच नेऊन ठेव मारुतीपुढं. आणि सांग त्याला, अक्काचा पाय जागेवर आहे.’

मी सगळं समजावून सांगितलं, पाइप, चीर, तेल. मामा टेप लावलेला पाइप खाली जाऊन बघून आला. मग म्हणाला, ‘नवा नारळ आणून देतो.’

‘आण,’ आई म्हणाली, ‘चटणी करू.’

पप्पांना एवढं हसू आलं की चहा नाकात गेला. मामा पण हसला शेवटी. डबा पिशवीत घालून एसटीनं फुलंब्रीला गेला, गाडी न्यायची म्हणून आलाच होता एसटीनं. त्या पिशवीसकट बसमध्ये त्याच्या शेजारी कोण बसलं असेल, याचा मी अजून विचार करते.

शेखभाईंनी दुसऱ्या दिवशी नवा पाइप टाकला. फार खर्च आला नाही. ऐकून कपाळावर हात मारला त्यांनी. ‘मॅडम, आपने बोला था हात मत लगाना, तो मैं हात लगाया नै! अब मेरे कू बोलो क्या करना था!’ आई म्हणाली, ‘तुमची काय चूक नाही, भाई. देव मधे होता.’

माझ्याकडं काय राहिलं ते सांगते. घाट राहिला, ते भरीत राहिलं, मावशींची ती जास्तीची भाकरी राहिली. पण सगळ्यात जास्त राहिलं ते पहिलं उजवं वळण, जिथं पाय खाली होता आणि गाडी नव्हती. इतके दिवस आई रोज सकाळी त्या क्षणात एकटी जात होती आणि बाहेर आल्यावर आम्ही सगळे तिला सांगत होतो की तू तिथं गेलीच नव्हतीस. रविवारी मी जाऊन आले. आहे ती जागा. खरी आहे.

आता तुम्ही खाली लिहिणार, मला माहितीय. की नशीब म्हणून सापडलं, की तरी पण पन्नाशीनंतर जपून, की ऑटोमॅटिक घ्या. लिहा. आज मी आईबरोबर शाळेच्या फाट्यापर्यंत जातेय, ती शाळेत, मी पुढं पितळखोऱ्याच्या लेण्यांना. गेटजवळ गाडी सुरू झालीय. दोनदा हॉर्न वाजला, दुसरा लांब. आईला उशीर चालत नाही.

निघाले.